अमोलचं दुसरं पॅराशूट

बातमी आली तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. फोन अमोलच्या मित्राचा, रोहितचा. "ताई, अमोलची जंप चुकली," एवढंच तो म्हणाला. जंप चुकली... जशी काही पंचवटीची बस चुकली! इगतपुरीकडच्या कड्यावरून माझ्या धाकट्या भावानं उडी मारली, पॅराशूट उघडलं ते कड्याकडे तोंड करून, आणि तो खडकावर आदळला. त्याला आता दीड महिना झाला.

विमानातून उडी मारणाऱ्याकडे निदान एक राखीव पॅराशूट असतं. या कड्यावरच्या शूरवीरांकडे एकच, कारण दुसरं उघडायला वेळच मिळत नाही. हे अमोलनं मला छाती फुगवून सांगितलं होतं. आम्ही नोकरदार माणसं त्याच्या लेखी भित्री भागूबाई. त्या सकाळी कड्याखालच्या पाड्यावरचे देवरामबाबा त्याला म्हणाले होते, "वारा फिरला हाय, आज नको." जन्म त्या डोंगरात काढलेला माणूस! पण कॅमेरे लावून झाले होते. मग म्हाताऱ्याचं ऐकतो कोण?

अमोल गेल्यावर घरी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला त्याची टोळी त्याचाच फोटो छापलेले टीशर्ट घालून आली. सगळ्यांचं एकच पालुपद, "आवडीचं करता करता गेला." आमचे वडील ऑफिसात फाइल उघडी ठेवून गेले, तेव्हा असं कुणी बोललं नव्हतं. मग रोहितनं मुद्द्याला हात घातला. अमोलचं आणखी एक पॅराशूट घरी होतं, त्यानंच घड्या घालून बॅगेत भरलेलं. एरवी या मंडळींत प्रत्येकानं आपलं पॅराशूट आपणच भरायचं, असा नियम. पण आदरांजली म्हणून रोहितला हे न उघडता, तसंच पाठीला बांधून त्याच कड्यावरून उडी मारायची होती.

"अमोलचं भरण्यात चुकलं, की वारा नडला?" मी विचारलं.

"ते कळलं नाही, ताई... पण माझा त्याच्यावर विश्वास आहे."

आई डोळे पुसत म्हणाली, "दे गं त्याला. अमोलला बरं वाटेल."

अमोलला आता काहीही वाटणार नव्हतं. मी बॅग आणली आणि सगळ्यांसमोर पिन ओढून आतलं कापड बाहेर काढलं. निळं कापड हॉलभर झालं.

"ताई, हे काय केलंत! त्याच्या हातचं होतं ते!"

"म्हणूनच," मी म्हटलं.

रोहित ढसाढसा रडला. मी रडू दिलं. रडायला तो जिवंत तरी होता.

ते कापड आता अमोलच्या पलंगावर पडलंय. मी दोनदा आवरून पाहिलं, बॅगेत मावत नाही. घड्यांच्या रेषा अजून दिसतात, पट्टीनं आखल्यासारख्या. सकाळी उठल्यावर स्वतःचं पांघरूण कधी न उचललेल्या माणसाचं हे काम! आई येता-जाता त्या रेषांवरून हात फिरवते. कापडाची एवढी निगा राखली गाढवानं, हिचा विचार नाही केला. त्याच्या कानाखाली एक वाजवावी असं रोज वाटतं... आणि तो कुठेच नाही.