बॉनेटखाली कणीक

आमची जुनी छोटी गाडी लालबागच्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरच्या वर क्वचितच जाते. तरी तिला जोर कमी पडतो, असं माझ्या नवऱ्याच्या मनाने घेतलं आणि त्याने ऑनलाइन मोठा एअर फिल्टर मागवला.

रविवारी सकाळी बिल्डिंगखाली त्याने कंपनीचा चपटा डबा काढला आणि त्या जागी लालभडक, मशरूमसारखा फिल्टर रबरी पाइपवर पट्टीने आवळला. बॉनेट लावायला गेला, तर ते बोटभर वरच राहिलं. तो त्यावर बसायला निघाला.

"बसू नकोस! पोचा येईल," मी ओरडले.

सासूबाई पहिल्या मजल्यावरून बघत होत्या. "टोप मोठो नि झाकाण धाकटां. कसां बसतलां?"

"आई, हे इंजिन आहे गं!"

"मगे? बसला नाय तां नायच मां?"

पंचाईत अशी की बॉनेट लावलं की आतलं दिसायचं नाही, आणि उघडलं की काही अडायचं नाही. मी वर जाऊन पोळ्यांची कणीक आणली, फिल्टरवर आणि पट्टीवर थापली, वरून तेलाचा हात फिरवला. बॉनेट हलकेच दाबून उघडलं. कणीक सगळीकडे जाडच होती, एका जागी मात्र आरपार फाटलेली. पट्टीचा स्क्रू नेमका वर आला होता. पट्टी फिरवून तो खाली घेतला, आणि बॉनेट खट्कन लागलं.

नवऱ्याने ऐटीत गाडी चालू केली. टक टक टक टक! चालू झालं की इंजिन हलतं, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

"आत कोण आसा?" सासूबाईंनी वरून विचारलं.

पुन्हा कणीक थापली. या वेळी ती पापडाएवढी पातळ झाली. मग पाइप थोडा कापून फिल्टर खाली घेतला, तेव्हा कुठे आवाज थांबला.

दुपारी ठाकूरद्वारला मावशींकडे जेवायला निघालो. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आता घोरल्यासारखा आवाज करायची.

"गाडयेक दमो लागलो काय रे?" मागून सासूबाई.

"पॉवर आहे ती, आई!"

भायखळ्याच्या सिग्नलला जळका वास आला. नवऱ्याचा चेहरा उतरला. "क्लच गेला!" त्याने गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. कणकेचा एक तुकडा निसटून तापलेल्या एक्झॉस्टवर पडला होता आणि छान खरपूस भाजला गेला होता. सासूबाईंनी खाली उतरून तो नीट न्याहाळला.

"फुगली नाय," त्या म्हणाल्या.

ठाकूरद्वारच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळाली, ती भिंतीला चिकटून. ड्रायव्हरचा दरवाजा उघडेना. नवरा गिअरवरून सरपटत माझ्या बाजूने बाहेर आला. वरून मावशींनी हाक मारली, "काय रे, गाडी बिघडली?"

"बिघडली नाही," शर्ट झटकत तो म्हणाला, "सुधारली."