मागे बसणारं माणूस आणा

आमचे बुशवाले काका, म्हणजे गाडीचे शॉकअप आणि चाकांच्या सांध्यातले धक्के खाणारे रबरी बुश बदलून देणारे मेकॅनिक, गाडीकडे बघायचेच नाहीत. वीस लाखांची एसयूव्ही दारात लागली तरी पहिला प्रश्न ठरलेला, "घरात सगळ्यात म्हातारं कोण? उद्या त्यांना घेऊन या." मग माजिवड्याच्या त्या पत्र्याच्या गॅरेजसमोर गळ्यात जाडजूड साखळ्या घातलेले शेठ आपापल्या आज्यांना घेऊन रांगेत उभे राहायचे. काय ते दृश्य!

म्हाताऱ्या माणसाला मागच्या सीटवर बसवून काका सर्व्हिस रोडने एक चक्कर मारायचे. मालकाचं मत विचारायचेच नाहीत. म्हणायचे, "चालवणाऱ्याला धरायला स्टिअरिंग असतं. त्याला सगळंच छान वाटतं. मागच्याला विचारा, त्याला फक्त देव असतो."

मी गेलो तेव्हा माझी अडचण खरी होती. माझी गाडी वळणावर अशी लोळायची की आईला मळमळायचं, कंबर धरायची. दोन वर्षं ती गावाला गेलेली नव्हती. पण माझ्या डोक्यात मोबाइलवरचे उंच केलेल्या गाड्यांचे व्हिडिओ. मी रुबाबात म्हटलं, "काका, गाडी दोन इंच उचलून पण द्या."

"उंच व्हायचंय कुणाला? गाडीला की तुला? तुला व्हायचं असेल तर टाचेचे बूट घाल. स्वस्तात पडेल."

मला राग आला. मी तडक शीळ रोडवरच्या एका चकचकीत दुकानात जाऊन गाडी उचलून घेतली. दिसायला जबरदस्त! फक्त आईला चढता येईना. मी प्लास्टिकचं स्टूल घेतलं. स्टुलावरून कशीबशी चढली, आणि पहिल्याच उड्डाणपुलाच्या वळणावर गाडी अशी कलली की तिने रामरक्षा सुरू केली. पूल उतरल्यावर म्हणाली, "थांबव. मी रिक्षाने घरी जाते. आणि गावाचं नाव पुन्हा काढू नकोस."

शेपूट घालून काकांकडे परत गेलो. "या, साहेब! स्टूल आणलंय ना?" असं त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं. मग मलाच मागे बसवून टेंभी नाक्यापर्यंत नेलं, एकही गतिरोधक न चुकवता. माझं डोकं तीनदा टपाला आपटलं. दर वेळी हा माणूस आरशात बघून हसायचा.

पुढचे चार दिवस त्यांनी काम केलं. उंची पूर्वी होती तेवढी केली, चारही शॉकअप नवे, वळणावर गाडी कलू नये म्हणून खालचा आडवा दांडा जाड, रबरी बुश सगळे बदललेले. मी बावळटासारखा म्हणालो, "एवढं करून गाडी दिसते तशीच."

"मग? लग्नाला उभी करायची होती काय?"

त्या आठवड्यात आईला घेऊन गावाला निघालो. दुपारी काकांचा फोन. रस्ता कसा, गाडी कशी, काही नाही. "ताई झोपल्या का?" एवढंच. आई माणगावच्या अलीकडेच झोपली होती. मी तसं सांगितलं. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. काकांचं प्रमाणपत्र ते एवढंच.

गेल्या वर्षी काका पडले, खुब्याचं हाड मोडलं. डोंबिवलीच्या दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. चार इंच उचललेली! बापाच्या नाकावर टिच्चून केलेली. काकांचा पाय पायरीपर्यंत पोहोचेना. दारातच मुलाची सात पिढ्यांसकट, म्हणजे स्वतःसकट, पूजा बांधून झाल्यावर त्यांनी मला फोन लावला. "तुझी आण. बुटकी."

मागे बसले. माजिवड्यापर्यंत माझ्या मानेला रग लागली, आता काहीतरी खोट काढणार म्हणून. दारात येऊन मागे बघितलं तर मान टेकलेली, तोंड उघडं, चक्क घोरत होते. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. उठवायचं जिवावर आलं, म्हणून मी गाडी तशीच पुढे काढली आणि नाक्याला आणखी एक वळसा घालून आलो.

महिन्याभरात काका गेले. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी ते जागे झाल्यावर मी विचारलं होतं, "काय काका, झोपलात?"

"छट्! डावीकडचा मागचा बुश ऐकत होतो."