दोन गाळे आणि साहेबांची पॅन्ट

"एक कशाला? दोन घेऊ की! होऊन जाऊ दे!"

टेलरबाईंनी गळ्यातली मापाची टेप अशी गरकन फिरवली, की स्टुलावर बसलेल्या नवऱ्याच्या कानाला चाटून गेली. नवरा जन्माचा ट्रक ड्रायव्हर. कान चोळत म्हणाला, "बाई गं, स्टेपनी न घेताच घाट चढायला निघालीस."

"तुम्ही गप बसा. वीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानाचं भाडं भरतेय. आता लोक मला भरतील!"

समोरच्या नव्या इमारतीत तळाला गाळे निघाले होते. गाठीचे पैसे आणि बेताचं कर्ज, एवढ्यात एक गाळा आरामात बसत होता. पण बँकेतल्या कर्जवाल्या साहेबांनी कानात सांगितलं, राहतं घर तारण ठेवा, दोन घ्या, भाड्यातनं हप्ता परस्पर फिटतो. तेव्हापासून बाईंचे पाय काही जमिनीला लागेनात. काल एका शर्टाची डावी बाही उजवीकडे नि उजवी डावीकडे लावून बसल्या, आणि वर खुदुखुदु हसत होत्या.

दुपारी साहेब कागद घेऊन आले. कोरी रेडीमेड पॅन्ट, अगदी अंगाला चिकटलेली. "इथे एक सही, की घर तारण," म्हणत ते स्टुलावर टेकले.

टर्रर्र!

ड्रायव्हर घाईघाईने खिडकीबाहेर बघायला लागला. बाईंनी तोंडात पदर कोंबला.

पाच मिनिटांत साहेब फुलाफुलांच्या पडद्याच्या कापडात गुंडाळून बसले होते आणि पॅन्ट बाईंच्या हातात उलटी झाली होती. त्यांनी शिवण चाचपली.

"साहेब, माया नाही हो ह्यात! शिवणीच्या आत आम्ही बोटभर कापड जास्तीचं सोडतो, ती माया. माणूस सुटला की उसवून ढिली करायला. ह्या मेल्याने सूतभर सोडली नाही."

"उभा होतो तोवर बरोबर बसत होती," साहेब पुटपुटले.

सुईत दोरा ओवता ओवता बाईंचा हात थांबला.

"दोन गाळ्यांचं भाडं किती धरलंय तुम्ही?"

"हप्त्याइतकं. बरोब्बर."

"आणि एक गाळा सहा महिने रिकामा पडला तर?"

एरवी साहेब विषय बदलून उठले असते. पण पॅन्ट बाईंकडे होती.

"मग खिशातनं भरायचं."

"व्याज वाढलं तर?"

"हप्ता वाढतो."

"नाहीच जमलं तर?"

साहेबांनी फुलं गुडघ्यांवर ओढून घेतली. "तर... घर जातं."

बाईंनी सुई कापडात खोचली. मग जे हसू फुटलं, ते मशीनवर डोकं टेकवूनच. "अहो, म्हणजे हीच पॅन्ट की! उभं राहिलं तर झकास, बसलं की टर्र!"

"मग काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"एकच गाळा. घराला हात लावायचा नाही. आणि सहीच्या आधी सहा हप्ते वेगळे काढून ठेवणार. ती माझी माया."

"स्टेपनी!" ड्रायव्हर ओरडला.

"माया!"

"स्टेपनीच!"

"जमतंय की," साहेब म्हणाले. "कर्जही लवकर मंजूर होईल. पॅन्ट द्या आता."

आतून जाड पट्टी लावलेली पॅन्ट चढवून साहेब उभ्याउभ्याच चहा पिऊन गेले.

"आणि दुसरा गाळा?" नवऱ्याने डिवचलं.

"आधी ह्याच्या बाह्या जागच्या जागी जाऊ देत," म्हणत बाईंनी कालचा शर्ट मांडीवर ओढला आणि दाताने टाका तोडला.