वजनकाट्यावरचा डबा

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या आमच्या वर्कशॉपात वजनकाट्यावर त्याचाच जेवणाचा डबा ठेवत होतो. ठेवायचा, उचलायचा, कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघायचं... आकडा शून्य. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावोजी, हे गेले." मी डबा पुन्हा काट्यावर ठेवला. दुसरं काय करायचं ते सुचेना.

दिनू म्हणजे असा कारागीर, की बंद पडलेल्या मोटरच्या कानात त्यानं दोन शिव्या घातल्या तर ती स्वतः चालत कुळगावला जाईल. बरं, वाढवून सांगत नाही, जवळच्या जांभूळ गावापर्यंत तरी नक्की. पण एका कामानं त्याला खाल्लं. उल्हासनगरच्या एका शेठचं, ॲसिड मोजून ओतायचं यंत्र. काट्यावरचं वजन बदललं की काट्याला जोडलेल्या सिरीयल कार्डानं कॉम्प्युटरला हाक मारायची, त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात, आणि कॉम्प्युटरनं हातातलं काम टाकून झडप बंद करायची. क्षणाचाही उशीर नको म्हणून दिनूनं कॉम्प्युटरवर रिअल-टाइम लिनक्स, म्हणजे हाकेला ताबडतोब ओ देणारं लिनक्स, चढवलं, आणि त्याच दिवसापासून कार्ड मुकं झालं. स्क्रीनवर हाकांचा आकडा हलेना. कार्ड बदललं, ते बसवायची खाच बदलली, कॉम्प्युटरच्या बायोसमधली एकूण एक सेटिंग फिरवली. साधं लिनक्स टाकलं की हाका सुरू, रिअल-टाइम टाकलं की पुन्हा शून्य...

शेठ वैतागला. "दिनूभाई, दुसरा माणूस बोलतो, कॉम्प्युटरनेच सारखं काट्याकडे बघत राहायचं. काम तो चलता है ना?"

"चलता है, शेठ. पण बघेपर्यंत ॲसिड तुमच्या माणसाच्या पायावर आलेलं असेल."

शेठनं काम त्या दुसऱ्या माणसाला दिलं. कॉम्प्युटर आणि काटा आमच्याकडेच पडून राहिले, आणि दिनू त्यांच्यासमोर, स्वतःचा जेवणाचा डबा काट्यावर ठेवत-उचलत. कोणी मागत नव्हतं तरी त्याला ती हाक ऐकायची होती.

मग छातीत कळ आली. बदलापूरच्या दवाखान्यात, जायच्या आदल्या दिवशी, त्यानं विचारलं, "लागला का रे आकडा?"

"लागला. चाळीस हजार."

डोळे मिटून हसला. "एक डबा उचलून चाळीस हजार हाका? थापाड्या, चार म्हणाला असतास तर सुखानं झोपलो असतो..." थोड्या वेळानं म्हणाला, "डबा घरी देऊ नको. मी येतो."

दीड महिना होत आला. वहिनींनी डबा मागितला नाही, मी दिला नाही. सकाळी शटर वर केलं की उचलतो, ठेवतो. चाळीस हजार नकोत आता, चारही नकोत. एक हाक आली तरी...

शून्य.