चाड्यावरची मूठ
परवा लातूरला भाच्याच्या घरी भिंतीवर शोभेला टांगलेलं लाकडी चाडं दिसलं, ज्यात मुठीनं बी सोडत पेरतात ते, आणि निजामाच्या राज्यातलं आमचं कंधारजवळचं काळं रान आठवलं. ज्वारीची पेरणी होती. गेल्या साली विधवा आत्यानं पेरलेलं पातळ उगवलं, म्हणून यंदा तिनं चाड्याला हात लावायचा नाही, असं वडिलांनी ठरवलं होतं. आत्या शांतपणे म्हणाली, "दादा, माझ्या हातानं काही फरक पडत न्हाई असं धरून चाल. एक फेरी वहिनीची, एक माझी. फरक दिसला तर पुन्हा चाड्याला शिवणार न्हाई." वडील कबूल झाले आणि एका तुकड्यात आई नि आत्या आलटून-पालटून पेरत गेल्या. बी तेच, तिफण तीच, बैलही तेच. आठवड्यानं ओल्या मातीतून पोपटी कोंब वर आले. आत्याची पहिलीच ओळ विरळ दिसली आणि वडील म्हणाले, "बघ, सांगत होतो." "एका ओळीवर न्हाई, सगळ्या मोजा," आत्या म्हणाली. उर्दू शाळेत हिसाब शिकलेला मी "तेईस, चौबीस" करत सगळ्या तुकड्यातले कोंब मोजले. दोघींचे आकडे जवळपास सारखेच आले. "म्हणजे तुझा हात गुणाचा हाय म्हण की," वडील पुटपुटले. "तसं मी कुठं म्हणते? वाईट हाय हे तुला दाखवता आलं न्हाई, एवढंच," म्हणत तिनं पदर खोचला आणि उरलेलं रान पेरायला निघाली. पुढं नांदेडच्या कॉलेजात मी तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. फरक नाही ते शून्य गृहीतक, फरक आहे ते पर्यायी, असं फळ्यावर लिहिलं की दरवर्षी कुणीतरी विचारायचं, शून्य गृहीतक नाकारता आलं नाही म्हणजे ते खरं ठरलं का, आणि मी पुस्तक न उघडता आत्याचं उत्तर द्यायचो.