चिमटीची भूक

जेवत नाही म्हणून लेकराच्या थोबाडीत दिलीय कधी? खरं सांगा. आमच्या शेजारच्या शिवणवालीने दिली होती, आणि त्याच हाताने घास भरवताना ती रडत होती. मी पाहिलंय.

बाई हाताची पक्की. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे तिच्याच मशीनवरून उतरतात. लेक एकुलती, आणि इतकी किरकोळ की सगळे तिला चिमटीच म्हणतात. दोन घास झाले की ताट ढकलायची. सासूचं मत ठरलेलं: लाडावलीय, एक दिवस उपाशी ठेव, मुकाट गिळेल. तेही करून झालं. पोरीने दिवसभर काही मागितलंच नाही. तेव्हा आई हादरली.

पण हादरली तरी शिवणवालीच ती. फ्रॉक सैल पडला की बाजूच्या शिवणी आत घ्यायची. चारचौघांत लेकीचं हसं होऊ नये, एवढंच मनात. फ्रॉक कायम अंगाबरोबर, मग पोर वाळत चाललीय हे कळणार कुणाला? हळूहळू आईच्या स्वतःच्या डोळ्यांनाही सवय झाली.

एका सकाळी चिमटी उभ्या उभ्या भोवळ येऊन पडली. मी पोरीला, आईला आणि सासूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी फ्रॉक उतरवून पोरीला काट्यावर उभं केलं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. सासूने तिथेही सुनेचा उद्धार सुरू केला. मी तोंड उघडणार, तोच डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, हा हट्ट नाही. पोट रिकामं झालं की मेंदूला निरोप जातो, भरलं की दुसरा जातो. हे निरोप नेणारे म्हणजे हार्मोन. फार दिवस कमी खाणं झालं, आजार मुरला, की हा कारभार बिघडू शकतो. मारून भूक येत नाही."

आईने खाली बघत विचारलं, "म्हणजे मी नाही ना उपाशी मारली तिला?"

"नाही. पण उशीर केलात."

रक्त तपासलं, औषध सुरू झालं. थोडं थोडं, ठरल्या वेळी, जबरदस्ती न करता भरवायचं. एखाद्या दिवशी चिमटी अजून मागते, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट ढकलते. सासू मात्र टोमणे गिळायला शिकलीय.

तुमच्या शेजारी असं लेकरू असेल तर त्याच्या आईला "खायला घालतेस की नाही" असं विचारू नका. दोघांना सोबत घ्या आणि आजच दवाखान्यात चला.