ताकदीची बाटली

श्रावणची ताकद जास्त झाली, अशी तक्रार आली तेव्हा मी मैदानाच्या कडेला उभा होतो. मला ते खरं वाटेना.

हा तोच श्रावण. गोंडपिपरीच्या आमच्या शाळेतला सगळ्यात चपळ कबड्डीपटू. सोळाव्या वर्षी त्याला न्यूमोनिया झाला आणि मग दर हिवाळ्यात होत राहिला. कान वाहायचे. छाती घरघरायची. चढाईला गेला की तिसऱ्या शब्दाला दम तुटायचा. मग त्याने खेळणं सोडलं. मी चंद्रपूरला मराठी घेऊन बी.ए. झालो, तेवढ्या वर्षांत तो बाजेवरून फारसा उठला नाही.

१९८७ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रोगाशी लढणारं इम्युनोग्लोब्युलिन त्याच्या शरीरात जवळपास तयारच होत नव्हतं. हजारो लोकांच्या रक्तातून काढलेलं ते औषध परदेशातून यायचं. एका धर्मादाय संस्थेने मिळवून दिलं.

पहिल्या वेळी मी सोबत होतो. औषध शिरेतून जाऊ लागलं आणि श्रावण थंडीने लटलटू लागला. त्याची आई गुणाबाई घाबरली. "काढा बाई ते. पोरगं जाते माह्यं."

सिस्टरने थेंब कमी केले. श्रावण दात वाजवत म्हणाला, "काढू नका. हळूहळू येऊ द्या. मले कुठी जायचं हाये?"

थरथर थांबली. पुढे दर महिन्याला तो नागपूरला जाऊ लागला. खाटेवर पडल्या पडल्या कबड्डी, कबड्डी पुटपुटायचा. सिस्टर विचारायची, "हा दवाखाना आहे की आखाडा?"

एक हिवाळा तापाशिवाय गेला. दुसऱ्या हिवाळ्यात तो गावच्या संघात परतला. अंतिम सामना मुलचेऱ्याशी होता आणि शेवटची चढाई श्रावणची. तेवढ्यात त्यांचा कर्णधार लालसू पंचांकडे गेला.

"ह्याच्या हातावरची पट्टी पाहा, बापूरावभाऊ. परवा ताकदीची बाटली लावून आला. आम्ही भात खाऊन खेळून राह्यलो. याले बाहेर काढा."

बापूरावांनी विचारलं, "काऊन रे श्रावण, लावली का बाटली?"

"लावली, भाऊ."

"कायची?"

"लालसूच्या अंगात फुकट तयार होते ना, तेच. माह्या अंगात होत नाई. मले नागपूरहून आणा लागते."

लोक हसले. बापूराव हसले नाहीत. "अन् लालसूले पाहिजे असन त?"

"त त्याले आधी सहा वर्षं बाजेवर झोपा लागन."

लालसूने त्याला खालून वर पाहिलं. मग मागे सरून जागेवर उभा राहिला. "ये मंग. पाहू तुही बाटली."

शिटी वाजली. श्रावण आत शिरला. लालसूने त्याचा घोटा धरला. दुसरा कमरेला बिलगला. मी फक्त ऐकत होतो. शब्द तुटला नाही. दोघांना ओढत तो रेषेपर्यंत आला आणि हात पलीकडे टेकवला.

सामना आम्ही जिंकला होता. पोरं धावत सुटली. श्रावण धुळीत पालथा पडून अजून कबड्डी, कबड्डी म्हणतच होता.